‘अचूक’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावा? : शोध-जाहिरातींतील कीवर्ड-जुळणीची चिकित्सा

प्रस्तावना :
शोधयंत्रावरील जाहिरात ही मूलतः शब्दांच्या लिलावावर उभी आहे. ‘गोटू डॉट कॉम’ या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये ही पद्धत रूढ केली. गुगलने २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ (२०१८ पासून ‘गुगल अ‍ॅड्स’) सुरू केले आणि २००२ मध्ये क्लिकमागे पैसे आकारणारा लिलाव स्वीकारला. जाहिरातदार एखाद्या कीवर्डवर बोली लावतो व जाहिरातीवर क्लिक झाले तरच पैसे मोजतो. त्याचा कीवर्ड आणि शोधकर्त्याचे शब्द किती जुळावेत, हे ‘मॅच टाइप’ ठरवितो. या जुळणीच्या बदलत्या अर्थाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

जुळणीचे प्रकार :
‘शिलाई मशीन दुरुस्ती’ हा कीवर्ड उदाहरणादाखल घेता येईल. मूळ कल्पनेनुसार ‘एक्झॅक्ट मॅच’मध्ये नेमके हेच शब्द शोधणाऱ्यालाच जाहिरात दिसे. ‘फ्रेज मॅच’मध्ये ‘पुण्यात शिलाई मशीन दुरुस्ती’ हेही चाले. ‘ब्रॉड मॅच’मध्ये आशयाने जवळचे शोधही येत. ‘प्रशिक्षण’ हा शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून नोंदविल्यास शिकू इच्छिणाऱ्यांचे क्लिक टळत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत पहिला प्रकार अभिधेचा, तर ब्रॉड मॅच लक्षणेच्या जवळचा म्हणता येईल.

अर्थविस्ताराचा प्रवास :
२०१२ मध्ये अनेकवचन, चुकीचे शुद्धलेखन अशी निकटची रूपे अचूक जुळणीत समाविष्ट झाली. ती नाकारण्याची मुभा मात्र होती. २०१४ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. २०१७ मध्ये शब्दक्रमाचे बंधन सैल झाले. २०१८ मध्ये ‘समान अर्थाचे’ शोधही ‘अचूक’ ठरले. २०२१ मध्ये ‘मॉडिफाइड ब्रॉड मॅच’ हा मधला प्रकार फ्रेज मॅचमध्ये विलीन झाला. अशा रीतीने प्रकाराचे नाव कायम राहिले, परंतु त्याचा वाच्यार्थ उरला नाही.

चिकित्सा :
या विस्ताराचे समर्थन करता येत नाही असे नाही. दररोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीही न झालेले असतात, असे गुगलचे म्हणणे आहे. एवढ्या रूपांची यादी कोणताही जाहिरातदार करू शकणार नाही. ‘दुरुस्ती’, ‘दुरुस्तीला’, ‘दुरुस्तीसाठी’ अशी रूपे होणाऱ्या मराठीसारख्या भाषेत तर निव्वळ अक्षरशः जुळणी अपुरीच ठरेल.

प्रश्न आहे तो अधिकाराचा. काव्यात लक्ष्यार्थ ग्रहण करणाऱ्या सहृदयाचा त्यात आर्थिक लाभ नसतो. येथे ‘समान अर्थ’ ठरविणारा आणि लिलाव चालविणारा एकच आहे. जुळणी जितकी सैल, तितके प्रत्येक लिलावात बोली लावणारे अधिक. आणि स्पर्धक वाढले की क्लिकची किंमत वाढण्यास वाव मिळतो.

शिवाय ही उदारता एकाच दिशेची आहे. समावेश करताना समानार्थी शब्द आपोआप जोडले जातात. वगळताना मात्र प्रत्येक समानार्थी शब्द व अनेकवचन जाहिरातदाराने स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. निगेटिव्ह कीवर्डमधील शुद्धलेखनाच्या चुकांपुरती सवलत २०२४ मध्ये मिळाली. त्यातच २०२० पासून पुरेशा संख्येने न शोधलेले शब्द अहवालातून वगळले जाऊ लागले. जे शब्द दिसत नाहीत ते वगळणार कसे? मोठ्या कंपनीला ही गळती सोसते. मोजक्या रकमेत जाहिरात करणाऱ्या लहान व्यावसायिकाला ती परवडत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने शोध-मजकूर जाहिरातींच्या बाजारातही गुगलची बेकायदेशीर मक्तेदारी असल्याचा निर्णय दिला. मात्र सप्टेंबर २०२५ च्या उपाययोजनाविषयक निर्णयात अचूक जुळणी पूर्ववत देण्याची सक्ती न्यायालयाने केली नाही. लिलावातील महत्त्वाचे बदल जाहीर करण्याचे बंधन मात्र घातले.

समारोप :
शब्दाचा अर्थ प्रवाही असतो, हे भाषाभ्यासकांना नवे नाही. तथापि करारातील शब्दाचा अर्थ एका पक्षाने परस्पर बदलणे ही भाषेची नव्हे, तर सत्तेची प्रक्रिया होय. म्हणून कीवर्डचे व्यवस्थापन हे केवळ तांत्रिक कौशल्य म्हणून शिकविणे अपुरे आहे. वाणिज्य, भाषाशास्त्र व विधी या तिन्ही शाखांनी त्याचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे. जाहिरातदाराला समान अर्थ नाकारण्याचा पर्याय आणि शोधशब्दांचा पूर्ण हिशेब मिळेल, तेव्हाच ‘अचूक’ या शब्दाला पुन्हा अर्थ प्राप्त होईल.