मातीचे रिंगण आणि त्याचा रसिक

नाटकाचा, चित्राचा, मैफलीचा परामर्श घेणारे टीकाकार पुष्कळ आहेत. मोटारींच्या शर्यतीवर मात्र लिहितात ते केवळ बातमीदार. कोण जिंकला आणि किती वेळात जिंकला, एवढे सांगितले की त्यांचे काम संपते. हजारो माणसे आठवड्याच्या आठवड्यास बाकांवर बसून, अंगावर माती झेलीत, मध्यरात्रीपर्यंत तो खेळ पाहतात. त्यांना त्यातून नेमके काय लाभते, हा प्रश्न वस्तुतः टीकेच्या प्रांतातला आहे. अमेरिकेतील मातीच्या शर्यतमैदानांकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहू इच्छितो.

आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल हे सात-आठ हजार वस्तीचे गाव. तेथे परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर काळ्या मातीचे अर्ध्या मैलाचे रिंगण आहे. वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत शनिवारच्या रात्री तेथे शर्यती होतात. १९६१ साली सुरू झालेली ऑगस्टमधील मोठी स्पर्धा आली की गावाच्या वस्तीहून अधिक माणसे प्रेक्षकसज्ज्यांत दाटीने बसतात. रिंगणाच्या दुसऱ्या वळणाबाहेर या खेळाचे संग्रहालयही १९९२ पासून उभे आहे.

तेथे धावणारी ‘स्प्रिंट कार’ हे मोठे चमत्कारिक वाहन आहे. तिला स्टार्टर नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. ट्रकने मागून ढकलल्यावाचून तिचे इंजिन जागे होत नाही. वजन चालकासह सुमारे ६३५ किलो आणि बळ मात्र सुमारे ९०० अश्वशक्तीचे. डोक्यावरचा पत्र्याचा रुंद पंख तिला जमिनीशी दाबून धरतो. वळण डावीकडचे असते, पण चालकाने पुढची चाके उजवीकडे फिरविलेली असतात. मागची चाके घसरवीत, तिरप्या अंगाने गाडी वळण घेते.

तरीही या खेळातील मुख्य पात्र मातीच होय, असे आमचे मत आहे. संध्याकाळी तिला पाणी पाजतात. गाड्या संथ फेऱ्या घालून तिला दाबून बसवितात. आरंभीच्या शर्यतींत ती ओली व चिकट असते, चाकांना धरून ठेवते आणि वेग वाढू देते. रात्र चढते तशी ती सुकते, गुळगुळीत होते आणि सुट्या मातीचा एक उंचवटा बाहेरच्या कडेला साचत जातो. मग चालकापुढे दोन वाटा उरतात: आतल्या कडेची जवळची पण निसरडी, किंवा उंचवट्याला मागचे चाक टेकवून जाणारी, लांबची पण वेगाची. उंचवटा ओलांडला की समोर भिंत असते.

जाणता प्रेक्षक ही माती वाचतो. प्राथमिक शर्यतींत कोणी कोणती वाट धरली ते तो ध्यानात ठेवतो, आणि अंतिम शर्यतीपूर्वी रिंगणाचा रंग पाहून शेजाऱ्याशी पैज लावतो की वरची वाट आज शेवटपर्यंत टिकणार नाही. विजेता कोणीही होवो, त्याचा तर्क खरा ठरला की त्याची रात्र सार्थकी लागते. कोल्हापूरच्या खासबागेत लाल मातीवरील कुस्ती पाहून मुरलेल्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. मातीत पाय कसा रुततो आणि पकड कशी सुटते याचा हिशेब जो मनात करतो, त्याच शौकिनाला डावाची खरी गोडी कळते.

हा रस आयता आणता येत नाही, याचा दाखला टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे मिळाला. नॅसकार या मातब्बर संस्थेच्या शर्यतीसाठी तेथील काँक्रीटच्या मैदानावर २०२१ साली माती पसरण्यात आली. पावसामुळे रविवारची शर्यत सोमवारी झाली. मग भर दिवसा माती सुकून इतकी धूळ उसळली की, थांबलेली शर्यत पुन्हा सुरू करताना गाड्या जोडीने न सोडता एकामागून एक सोडाव्या लागल्या. पुढे शर्यत रात्री घेण्यात आली, पण २०२३ नंतर तो प्रयोग आटोपला आणि २०२४ साली काँक्रीट पुन्हा उघडे झाले. याच संस्थेने ओहायो राज्यातील एल्डोरा येथे २०१३ पासून २०१९ पर्यंत मालमोटारींच्या शर्यती भरविल्या, आणि त्या प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारल्या. एल्डोराची माती १९५४ पासून तेथे नांदत होती, आणि तिची मशागत जाणणारी माणसेही तेथेच होती. आमच्या मते फरक पडला तो इथे.

गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. कान बंद केल्यावाचून बसवणार नाही इतका गोंगाट तेथे असतो. दोन शर्यतींमधील खोळंबा निवेदकाच्या जाहिरातींनी भरून काढलेला असतो. मशागत चुकली तर धुळीपलीकडे काही दिसत नाही, आणि एकच वाट चालती राहिली तर शर्यतीची मिरवणूक होते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे या खेळात माणसे मरतात. २०१६ साली नॉक्सव्हिलची मोठी स्पर्धा जिंकणारा जेसन जॉन्सन २०१८ च्या जून महिन्यात विस्कॉन्सिनमधील शर्यतीत झालेल्या अपघातानंतर मरण पावला. उंचवट्यावर तोललेली गाडी पाहून आपण श्वास रोखतो, त्या रोमांचात या मृत्यूचाही अंश आहे. ज्या प्रेक्षकाने हे मनाशी मान्य केलेले नाही, त्याचे रसिकत्व आम्ही अपुरे मानतो.

कॅलिफोर्नियातील ॲस्कॉट पार्क १९९० साली आणि फिनिक्सचे मॅन्झॅनिटा २००९ साली बंद झाले. शहरे वाढली की अशा जमिनींना दुसरी गिऱ्हाइके मिळतात. आज शर्यती घरबसल्या पडद्यावर दिसतात; दूरच्या शौकिनाची त्याने सोय झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण कॅमेरा पुढच्या गाडीमागे धावतो, आणि मागे माती कशी पालटत आहे ते चौकटीबाहेर राहते. शर्यत संपल्यावर खाली उतरून, चिखलाने माखलेल्या चालकाशी दोन शब्द बोलण्याची जी मुभा गावोगावच्या मैदानांवर आहे, तीही पडद्यावर नाही. माती वाचण्याची विद्या पुस्तकातून येत नाही. बापाशेजारी बाकावर बसलेला मुलगा ती शनिवारमागून शनिवार उचलतो. मैदान गेले की तो बाकही जातो. शर्यती मग कोठेतरी होतच राहतील, पण त्या पाहणाऱ्यांत माती जाणणारे कितीसे उरतील, याची आम्हांस चिंता वाटते.