घरोघरीचा जपान : एक चिकित्सा

अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी बौद्ध कुटुंबांस जपान परका वाटत नाही. दीक्षाभूमीस वंदन करून परतणारी अनेक मंडळी जपानी उपासिका नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ साली कामठी येथे उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस विहार पाहून येतात. जपानमध्ये जन्मून नागपूर ही कर्मभूमी मानणारे भदन्त सुरई ससाई यांचे नाव विदर्भात आदराने घेतले जाते. मुले कागदाच्या घड्यांचे पक्षी करतात. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुळलेला हायकूही एखाद्या वहीत उतरतो. आईवडील आणि मुले एकत्र बसून परदेशाची संस्कृती समजून घेतात, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. आक्षेप आहे तो या अभ्यासातून उभ्या राहणाऱ्या चित्राविषयी. त्यात स्वच्छता आहे, शिस्त आहे, बुद्धमूर्तीची शांती आहे. आणि ‘बौद्ध देशात उच्चनीचता नसते’ हे मुलांना सांगितले जाणारे एक वाक्य आहे. हे वाक्य खरे नाही.

घरातील वाचनासाठी तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे १९८१ चे पुस्तक सर्वप्रथम सुचविले जाते व ते योग्यच आहे. नॅशनल बुक ट्रस्टमुळे ते मराठीत सहज उपलब्ध झाले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा आणि नव्या मुलीचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी कोणाही पालकास विचार करावयास लावतील. परंतु आपल्याकडे या पुस्तकाचे कौतुक बहुधा डब्यांच्या वर्गांपाशीच थांबते. त्यातील एक लहानसे प्रकरण मात्र आपल्या घरांत थांबून वाचावे असे आहे. एक कोरियन मुलगा तोत्तोचानला ‘कोरियन’ असे ओरडून हिणवतो. ती घरी येऊन विचारते, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी येते. इतरांनी त्याला त्याच शब्दाने सतत हिणवल्यामुळे तो शब्द म्हणजे शिवीच असावी अशी त्याची समजूत झाली आहे, हे ती मुलीला उलगडून सांगते. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. स्वतःच्या समाजाचे नाव शिवी म्हणून ऐकणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीतील आजीआजोबांस कोणी समजावून द्यावयास नको. जपानकडे जाणारी वाट आपल्यासाठी येथून सुरू होते.

ती वाट पुढे बुराकू समाजाकडे जाते. मेलेली जनावरे, कातडे, कत्तल यांच्याशी निगडित कामे करणाऱ्या या लोकांस शतकानुशतके अपवित्र मानले गेले. शिंतो परंपरेतील विटाळाची कल्पना त्यास कारणीभूत होती, तसा प्राणिहत्येच्या निषेधाचा बौद्ध मठांनी केलेला विपर्यासही कारणीभूत होता. १८७१ च्या राजाज्ञेने हा दर्जा कागदोपत्री रद्द झाला. व्यवहारात तो राहिलाच. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुईहेईशा’ ही या समाजाची स्वतःची संघटना स्थापन झाली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही घटना! तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे बुराकू वस्तीतील एका बौद्ध मंदिराच्या घराण्यात जन्मले होते.

याच समाजावरील शिमाझाकी तोसोन यांची ‘हाकाई’ (१९०६) ही कादंबरी आपल्या कुटुंबांनी अवश्य वाचावी. केनेथ स्ट्राँग यांचा इंग्रजी अनुवाद १९७४ साली निघाला आहे. उशिमात्सू हा तरुण शिक्षक. जन्म कोठला हे कोणासही सांगू नकोस, ही वडिलांची आज्ञा. ती मोडून अखेरीस तो वर्गात सत्य सांगतो, पण सांगताना विद्यार्थ्यांसमोर गुडघे टेकून क्षमा मागतो. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेशी (हा संग्रह १९६३ चा) ही कादंबरी ताडून पाहावी. तेथेही शहरातील नोकरी, भाड्याची खोली आणि लपविलेले जन्मस्थान आहे. गुपित फुटते आणि मार बसतो. मात्र बागुलांचा नायक क्षमा मागत नाही. तोसोन यांची सहानुभूती निःसंशय खरी आहे. तरीही ती बाहेरून पाहणाऱ्याची आहे. म्हणूनच त्यांना गुडघे टेकलेला माणूस करुण दिसला, पण त्याने क्षमा कशाची मागावी हा प्रश्न पडला नाही. नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून आडनाव सांगताना आपल्याही मुलांची जीभ अडखळते. तेव्हा हा प्रश्न केवळ वाङ्मयीन उरत नाही.

जपानची ही बाजू दाखविल्याने मुलांची बुद्धावरील श्रद्धा ढळेल, अशी भीती काही उपासक व्यक्त करतात. ती अनाठायी वाटते. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुख प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले. बुराकू संघटनांनी जाब विचारल्यावर पंथाला स्वतःचीच दप्तरे उघडावी लागली. मृतांना दिल्या जाणाऱ्या धर्मनामांत बुराकूंसाठी ‘पशू’, ‘कातडे’ अशा अर्थाची अक्षरे घातलेली आढळली. पंथाने चूक मान्य केली आणि ती नावे बदलण्याचे काम हाती घेतले. मंदिराला प्रश्न विचारून त्याच्याकडून उत्तर घेणारे हे लोक मुलांच्या ओळखीचे व्हावयास हवेत.

‘हाकाई’ मराठीतून वाचावयास न मिळाल्यास घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ती इंग्रजीतून वाचावी आणि रात्रीच्या जेवणानंतर आजीला आपल्या वऱ्हाडीत सांगावी. उशिमात्सूने गुडघे टेकले हे ऐकून ती काय म्हणते, ते लिहून ठेवावे.