तक्त्यावरची रेघ आणि खडकातली खूण

भूशास्त्राचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक रंगीत तक्ता असतो. सर्वांत खाली पृथ्वीचा जन्म, सर्वांत वर आपला काळ आणि मध्ये कॅम्ब्रियन, सिल्युरियन, डेव्होनियन, पर्मियन अशी नावे. आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग हा तक्ता प्रसिद्ध करतो व वेळोवेळी सुधारतो. आपण तो वर्गात भिंतीवर लावतो, आकडे पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण हा तक्ता म्हणजे एक ग्रंथच आहे. त्याला लेखक आहेत, त्याच्या आवृत्त्या निघतात, त्यात तडजोडी आहेत. तेव्हा ग्रंथाचे करतो तसे त्याचेही परीक्षण करायला हरकत नाही.

प्रथम त्याचा मोठा गुण सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जो तो आपल्या देशातील खडक पाहून नावे देत होता. सेजविक व मर्चिसन या दोघा मित्रांनी १८३५ साली वेल्समधील खडकांना कॅम्ब्रियन व सिल्युरियन अशी नावे दिली. पुढे दोघांच्या सीमा एकमेकींवर चढल्या आणि मैत्रीही तुटली. हा वाद १८७९ साली लॅपवर्थ यांनी मधल्या खडकांना ऑर्डोव्हिशियन हे नाव देऊन सोडवला. नावांचा हा गोंधळ आवरण्यासाठीच १८७८ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरली.

खरी प्रगती झाली ती सिल्युरियन व डेव्होनियन यांच्या सीमेवरून. ब्रिटनमध्ये या सीमेजवळ समुद्री खडक संपून जमिनीवरचे खडक सुरू होतात, त्यामुळे तेथील सीमा इतरत्र ताडून पाहता येत नव्हती. बोहेमियात मात्र समुद्रतळावर गाळ साचत राहिला होता. १९६० साली समिती नेमली गेली. बारा वर्षे निरनिराळ्या देशांतील छेद तपासले गेले. त्यांत सोव्हिएत संघातील पोडोलियाही होता. शेवटी १९७२ साली माँट्रिऑलच्या परिषदेत तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील क्लोंक या टेकाडावरील एका विशिष्ट थरात, ग्रॅप्टोलाइट या जीवाश्माच्या एका जातीच्या प्रथम आगमनाशी, सीमा ठरली. प्राग शहरात रणगाडे शिरल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एका थरावर बोट ठेवून सहमत झाले, ही लहान गोष्ट नव्हे. याच सुमारास युनेस्को व आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघ यांनी देशोदेशींचे खडक परस्परांशी जुळवण्याचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला.

क्लोंकने जी पद्धत घालून दिली तिला भूशास्त्रज्ञ ‘सोनेरी खिळा’ म्हणतात. जगातील एकच जागा, एकच थर, त्यातील एकच बिंदू; बाकीच्या जगाने आपले खडक त्याच्याशी जुळवायचे. निर्णय मतदानाने होतो, साठ टक्के मते लागतात आणि एकदा मान्यता मिळाली की दहा वर्षे त्यात बदल करता येत नाही.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष असा, की तक्ता आकडा छापतो, पण त्यामागचा निर्णय दाखवत नाही. कॅम्ब्रियनची सुरुवात पाहा. चीनमधील मैशुचुन, सैबेरियातील आल्दान नदीचा काठ आणि कॅनडातील न्यूफाउंडलंड यांत चुरस होती. १९९२ साली न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड येथील थराला मान्यता मिळाली. तेथील खूण म्हणजे एखाद्या प्राण्याचे शरीर नव्हे, तर चिखलात त्याने कोरलेले बीळ आहे. पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसलेच बीळ मान्य केलेल्या बिंदूच्या सुमारे चार मीटर खाली सापडले. खिळा तरी हलवला गेला नाही, कारण तो जीवाश्मात ठोकलेला नसून खडकात ठोकलेला असतो. वय मात्र बदलले. पूर्वी ५४ कोटी १० लाख वर्षे हा आकडा होता, २०२२ पासून तक्त्यावर ५३ कोटी ८८ लाख आहे. मग जुना आकडा लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर चूक ठरवायचे का? सीमा ठरवणे हा करार असतो, वय काढणे हे मापन असते. मापन सुधारले म्हणून करार मोडत नाही. हा भेद तक्त्यावर उमटत नाही, म्हणून तो शिक्षकानेच सांगायला हवा.

दुसरा दोष सहकार्याच्या स्वरूपातच आहे. खिळ्याची जागा निवडताना छेद अखंड हवा, जीवाश्म भरपूर हवेत, तसेच तेथे कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला जाता यावे, अशीही अट आहे. पर्मियन व ट्रायासिक यांच्या सीमेसाठी, म्हणजे पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या जीवसंहाराच्या काळासाठी, श्रीनगरजवळचा गुर्युल रॅव्हिन हा छेद उमेदवार होता. निवड झाली ती २००१ साली चीनमधील मैशानची. मैशानचा शास्त्रीय पुरावा भक्कम होता, यात शंका नाही. पण काश्मीरमधील त्या वर्षांच्या परिस्थितीत ‘कोणालाही जाता यावे’ ही अट गुर्युल रॅव्हिनला जड जाणारीच होती. खडकांना राजकारण नसते, पण खडकांपर्यंत जाणाऱ्या रस्त्यांना असते. तक्ता पाहणाऱ्याला हे कळायला वाव नाही.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. पृथ्वीच्या इतिहासाचा सुमारे ८८ टक्के भाग कॅम्ब्रियनपूर्व आहे. तक्त्यावर तो तळाशी थोड्या जागेत कोंबलेला असतो. तेथे सोनेरी खिळा फक्त एडियाकरन या शेवटच्या कालखंडाला, तोही २००४ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स डोंगरांत मिळाला. त्याखालच्या बहुतेक सीमा म्हणजे नुसते गोल आकडे आहेत : १०० कोटी, १६० कोटी, २५० कोटी. जुळवणीला उपयोगी जीवाश्म नाहीत, म्हणून कागदावर रेघ ओढली गेली. त्यातील एका कालखंडाचे नाव ओरोसिरियन, २०५ ते १८० कोटी वर्षांपूर्वीचा. नावाचा ग्रीक अर्थ पर्वतरांग, कारण त्या काळात अनेक खंडांवर पर्वत उभे राहिले. पण पर्वत काही घड्याळ पाहून सर्वत्र एकाच वेळी उठत नाहीत. एका खंडावर टक्कर संपत असते तेव्हा दुसरीकडे ती सुरू होत असते.

आपल्याजवळचेच उदाहरण घ्या. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मँगनीजच्या खाणी ज्या सौसर खडकांत आहेत, ते एका झिजून सपाट झालेल्या प्राचीन पर्वतपट्ट्याचे अवशेष आहेत. या मध्य भारतीय पट्ट्यात सुमारे १६० कोटी व सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या, अशा दोन्ही उलथापालथींच्या खुणा मिळतात. तक्त्यावरच्या एका चौकटीत हा पट्टा बसत नाही. असे पट्टे समजायला वेगळ्या प्रकारचे सहकार्य लागते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्प क्रमांक ४४० ने ते करून दाखवले. अनेक देशांच्या भूशास्त्रज्ञांनी आपापल्या जुन्या पर्वतपट्ट्यांची वये व चुंबकीय नोंदी एकत्र मांडल्या आणि २००८ साली रोडिनिया या लुप्त महाखंडाचा नकाशा पुढे आला. त्यात भारत कोठे बसवावा, यावर अजून एकमत नाही. तरीही तो नकाशा मला तक्त्याच्या तळापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यातील मतभेद उघड आहेत.

मतभेद उघडे ठेवण्याचे एक चांगले उदाहरण आपल्या सह्याद्रीतही आहे. क्रिटेशस युगाच्या अखेरीची सीमा ट्युनिशियातील एल केफ येथे ठरली आहे. दख्खनच्या लाव्हाथरांत ती नेमकी कोठून जाते, याबद्दल २०१९ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एका गटात अमरावतीचे अभ्यासक होते, दुसऱ्यात मुंबईच्या आयआयटीचे. दोन्ही गटांत परदेशी सहकारी होते. एकाने झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजले, दुसऱ्याने आर्गॉनचे समस्थानिक. लाव्हा केव्हा किती बाहेर पडला, याविषयी त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. दोन्ही छापले गेले.

म्हणून तक्ता भिंतीवरून काढू नये. तो दीड शतकाच्या संयुक्त श्रमाचे फळ आहे. मात्र तो शिकवताना मुलांना सीमेचे वर्ष विचारण्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : ही खूण कोणत्या देशात, कोणत्या थरात आहे? ती कोणत्या साली ठरली? आणि तेथे खिळा आहे की केवळ गोल आकडा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तक्त्यावरची बारीक चिन्हे पुरतात. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मुलांना तक्त्याबाहेर जावे लागेल.