मुरडलेली कड

नागपूरच्या जरीपटक्यात राहणाऱ्याला पापडाशिवाय उपमा सुचत नाही, त्याला मी तरी काय करू? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे येऊन वसली, आणि आमच्या गल्लीत आजही पाहुण्यापुढे पाण्याच्या पेल्यासोबत पापड येतो. शेजारच्या दादी तो थेट आचेवर भाजतात. चिमटा जरा थांबला की मधला भाग सपाट राहतो आणि कड मुरडते, एकीकडे वर, दुसरीकडे खाली.

असाच मुरडलेला एक आकार गेले काही आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. एनजीसी 3741 नावाच्या बुटक्या दीर्घिकेचा हा नकाशा. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्त्सेव यांनी तो 2005 साली प्रसिद्ध केला, आणि त्यामागची निरीक्षणं आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची.

मधोमध एक करडा डाग दिसतो. साध्या दुर्बिणीला दिसणारी दीर्घिका एवढीच. बोटाने पुसला जाईल असं वाटतं. त्याच्याभोवती, डोंगराच्या नकाशात उंचीच्या रेषा असतात तशा, हायड्रोजन वायूच्या रेषा आहेत. आतल्या एकमेकींना खेटून, बाहेरच्या सुट्या होत जाणाऱ्या. डाग कधीच मागे पडतो आणि रेषा काही संपत नाहीत. दीर्घिकेच्या दिसणाऱ्या आकाराच्या 8.3 पट अंतरापर्यंत त्या जातात. डाग मोजणाऱ्याला ही दीर्घिका किरकोळ वाटेल, रेषा मोजणाऱ्याला अवाढव्य.

हा वायू दिसत नाही, ऐकावा लागतो. हायड्रोजनचा एकटा अणू 21 सेंटीमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो, पण त्यासाठी सरासरी कोटभर वर्षं घेतो. दीर्घिकाही साधारण कोटभर प्रकाशवर्षांवरच आहे; म्हणजे वाट पाहण्यात जेवढा काळ, तेवढाच प्रवासात! जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिशपैकी 14 खोडदला एकमेकींजवळ दाटीने उभ्या आहेत आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूर पांगल्या आहेत. बारीक तपशील लांबच्या डिश देतात. असा विरळ, पसरट वायू पकडायला मात्र जवळच्याच कामाच्या.

खरी गंमत गतीच्या नकाशात आहे. त्यात सारख्या वेगाची ठिकाणं रेषेने जोडलेली असतात, म्हणून ते कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. वायूची चकती सपाट असती तर जाळं दोन्हीकडे एकसारखं उघडलं असतं. इथे बाहेर जाता जाता ते वळतं. पापडाची मुरड ती हीच. आणि इतक्या दूर गेल्यावर वायूचा वेग मंदावायला हवा होता, तोही मंदावत नाही. हिशेब केला तर सूर्याएवढ्या प्रकाशामागे 107 सूर्यांचं वस्तुमान निघतं. त्यातून तारे आणि वायू वजा केले की उरलेलं सगळं न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या खात्यावर. एवढा वायू हाताशी असून त्याचे तारे का झाले नाहीत, हा प्रश्न त्या तिघांनाही पडला होता.

दुसरीकडे ते झाले आहेत. वासुकी तारकासमूहातल्या एम 83 दीर्घिकेची कड 2005 सालीच गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीने अतिनील प्रकाशात उजळून दाखवली. दिसणाऱ्या चकतीच्या कितीतरी बाहेर, जिथे काहीच नसावं असा समज होता, तिथे कोवळ्या ताऱ्यांचे पुंजके निघाले. आणि तेही कसेही विखुरलेले नाहीत, वायूच्या लांबट धाग्यांना धरून. ज्या जरीच्या निशाणावरून आमच्या वस्तीचं नाव पडलं, त्याच्या विणीत सोन्याची तार जशी कापडाला धरून चालते, तसे. अतिनील प्रकाश इथे उपयोगी पडतो तो अशासाठी, की तो मुख्यतः तापलेल्या, अल्पायुषी ताऱ्यांचा असतो. तो दिसला, की तारे हल्लीच जन्मले असं समजायचं. (हल्ली म्हणजे दहा-वीस कोटी वर्षांत.) नासाने 2008 साली हे पुंजके आणि वायू एकत्र रंगवून चित्र काढलं, त्यात वायू लालभडक आहे. पोस्टरला ठीक. मला खोडदचा काळा-पांढरा नकाशाच अधिक वाचता येतो.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांनी 2022 साली यात एक नवी ओळ घातली. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने त्यांनी शंभर कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूरच्या 11 बुटक्या दीर्घिका पाहिल्या. त्यांच्याही कडांवर कोवळे पुंजके आहेत, आणि ते हळूहळू आत सरकत असावेत. म्हणजे दीर्घिका कडेकडून मध्याकडे भरत जाते.

एप्रिलच्या रात्री मी गच्चीवर जातो. सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात, एनजीसी 3741 त्याच भागात. अर्थात दिसत काही नाही. खालच्या बाजाराचे दिवे तेवढे दिसतात. मग खाली येऊन पुन्हा नकाशा उघडतो आणि सगळ्यात बाहेरच्या रेषेवर बोट ठेवतो. वायू तिथे संपला असं नाही. त्याच्यापुढचा आवाज जीएमआरटीला ऐकू आला नाही, इतकंच.