डॉसनचें पुरलेलें दप्तर

कॅनडाच्या वायव्य भागांत, युकॉन व क्लोंडाइक या नद्यांच्या संगमावर डॉसन नांवाचें नगर आहे. त्याच्या उदयास्तावर बिल मॉरिसन यांनीं 2016 सालीं ‘डॉसन सिटी: फ्रोझन टाइम’ हा दोन तासांचा चित्रपट काढला. चित्रपटाचें परीक्षण या पृष्ठांत कां, असें आमचे कित्येक वाचक विचारतील. उत्तर इतकेंच कीं, त्याचा आधार जमिनींत पुरलेलें एक दप्तर आहे, आणि दप्तराचा विनियोग कसा करावा हा प्रश्न आपल्याच विषयांतला आहे.

नगराची हकीकत थोडक्यांत अशी. ऑगस्ट 1896 मध्यें क्लोंडाइकला मिळणाऱ्या एका ओढ्यांत सोनें सांपडलें. जो लडू या व्यापाऱ्यानें संगमावरची दलदलीची जागा घेऊन गांवठाण पाडलें. जुलै 1897 मध्यें सोनें घेऊन जहाजें सॅन फ्रॅन्सिस्को व सिएटल येथें लागलीं आणि एकच झुंबड उडाली. पण 1898 चा जमाव पोंचला तेव्हां चांगले ओढे आधींच वांटले गेले होते. पुढच्याच उन्हाळ्यांत अलास्कांतील नोम येथें किनाऱ्याच्या वाळूंत सोनें असल्याची वार्ता आली, व हजारों लोक नदीच्या ओघानें तिकडे निघून गेले. भरभराटीच्या दिवसांत येथें तीस हजार वस्ती होती असें सर्वत्र लिहितात. मोसमी गर्दीचा हा अंदाज आम्ही जपूनच घेतों. 1901 च्या शिरगणतींत नऊ हजारांहून थोडीच अधिक माणसें आहेत, आणि 1921 मध्यें तीं एक हजाराच्याही आंत आलेलीं दिसतात.

दप्तर या उतरत्या काळाचें आहे. मूकचित्रपट गांवोगांव फिरत अखेरीस डॉसनला येत, तेंहि मुळांत निघाल्यावर बहुधा दोनतीन वर्षांनीं. ते परत नेण्याचा खर्च मालकांस नको असे. रिळें ग्रंथालयाच्या तळघरांत सांचलीं. पुष्कळ जाळलीं, पुष्कळ नदींत फेंकलीं. कांहीं 1929 मध्यें पोहण्याच्या जुन्या हौदांत भर म्हणून टाकून वर बर्फावर खेळण्याचें मैदान केलें. 1978 मध्यें खोदकाम चाललें असतां त्यांपैकीं 533 रिळें हातीं लागलीं. नायट्रेटच्या फिती किती ज्वालाग्राही, हें पुणेंकरांस सांगणें नको. जानेवारी 2003 मध्यें तेथील असाच एक साठा जळून गेला. डॉसनचा ठेवा गोठलेल्या मातीनें राखला.

आतां मुख्य आक्षेप. मॉरिसन यांनीं छायाचित्रें, वृत्तपत्रें व हीं रिळें एकत्र गुंफलीं आहेत. निवेदकाचा आवाज नाहीं, केवळ पडद्यावर अक्षरें. हा संयम आम्हांस आवडला. परंतु सोन्याच्या गर्दींतील जुगाराचें वर्णन चाललें असतां पडद्यावर येतो तो कोठल्या तरी नाटकी कथेंतला जुगार! तुकड्यांवर मूळ चित्रपटाचें नांव व साल दिलेलें असतें, म्हणून यास लबाडी म्हणतां येत नाहीं. तरी एका पोथीचें गळालेलें पान दुसऱ्या पोथीच्या पानानें भरावें, तसा हा प्रकार आहे. हीं रिळें डॉसनमध्यें काढलेलीं नव्हत, तेथें पाहिलेलीं आहेत. शेंकड्यांनीं उरलेल्या माणसांनीं लांबलचक हिवाळ्यांत शिळे तमाशे पाहून काय करमणूक केली, याचा हा अव्वल पुरावा. तो 1898 च्या चित्रासाठीं खर्चीं घातल्यामुळें मागें राहिलेलें गांव पुन्हां अंधारांतच राहतें.

तेथील मूळच्या ट्रॉनडेक ह्वेचिन लोकांचाहि असाच एक ठेवा आहे. गर्दीपुढें त्यांस नदीखालीं मूसहाइड येथें जावें लागलें. तेव्हां त्यांचे प्रमुख आयझॅक यांनीं आपलीं गाणीं अलास्कांतील आप्तांपाशीं सुरक्षित ठेवण्यास दिलीं. पुढें तीं परत आणण्यांत आलीं. हा वृत्तांत स्वतंत्र चित्रपटास पुरेल.

एका गोष्टींत मात्र मॉरिसन जुन्या संशोधकांच्या तोलाचे ठरतात. बर्फ वितळून फितींच्या कडांना पाणी लागलें, तेथें पांढरे डाग थरथरतांना दिसतात. ते त्यांनीं झांकले नाहींत. त्रुटित अक्षर त्रुटितच छापलें आहे.