दोष चित्रफितीचा की प्रणालीचा?

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली आणि कालपर्यंत चालणारा व्हिडिओ-रूपांतराचा प्रोग्रॅम आज उघडताच बंद पडला, तर पहिला संशय शिक्षकावर घेतला जातो : 'काहीतरी दाबले असेल!' हा संशय अशास्त्रीय आहे.

मागील दाखले पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या सुधारणेनंतर असंख्य वेबकॅम ठप्प झाले. कॅमेऱ्याकडून येणारे संकुचित चित्र प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याची पद्धतच बदलली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे सर्व प्रोग्रॅम बाद केले. त्यांत क्विकटाइम ७ होते, आणि त्यावर विसंबलेल्या कित्येक जुन्या फितीही उघडेनाशा झाल्या. वापरणाऱ्याने यांत काय चूक केली होती?

मुळात एक गोष्ट समजून घेऊ. एमपी४ हे डब्याचे नाव आहे, आतल्या भाजीचे नव्हे. आतले चित्र २००३ च्या एच.२६४ पद्धतीने दडपलेले असेल, किंवा २०१३ च्या एचईव्हीसी पद्धतीने. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हे चित्र उलगडण्यासाठी अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिमची, ग्राफिक्स ड्रायव्हरची मदत घेतो. सिस्टिम बदलली की हे मदतनीसही बदलतात.

म्हणून दोष शोधताना प्रयोगशाळेचा नियम पाळावा : एका वेळी एकच घटक बदलावा. प्रथम तीच फाइल व्हीएलसीमध्ये लावून पाहा. तेथेही अडली तर फाइलवर संशय घ्या. चालली तर रूपांतराच्या प्रोग्रॅमला दुसरी, लहान फाइल द्या. तरीही तो कोसळला तर हार्डवेअर एन्कोडिंग बंद करा. आता काम झाले, तर संशय ड्रायव्हरवर जातो. तो संगणक-उत्पादकाकडूनच नवा घ्यावा. शेवटी प्रोग्रॅमची लॉग फाइल वाचा.

येथेच चांगल्या-वाईटाची परीक्षा होते. मुक्त असलेला हँडब्रेक आपल्या कामाची सविस्तर नोंद ठेवतो. नवख्याला ती वाचणे जड जाते हे खरे, पण कारण शोधायला जागा राहते. विकतचे कित्येक प्रोग्रॅम मात्र 'अनपेक्षित अडचण आली' एवढेच सांगून गप्प बसतात. कारण न सांगणारे साधन विज्ञान शिकवणाऱ्याच्या कामाचे नाही.

भंडारा जिल्ह्यातील शाळेने सारस पक्षी, माजी मालगुजारी तलाव, धानाची रोवणी किंवा दंडार यांचे चित्रण केले असेल, तर ते पुन्हा तसेच मिळणार नाही. पाठ्यपुस्तक नवे छापता येते. दहा वर्षांपूर्वीचा तलाव पुन्हा चित्रित करता येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक शाळा संगणक बदलणारच. त्याआधी मूळ फाइल जपून वेगळ्या डिस्कवर ठेवावी, रूपांतरित प्रत एच.२६४ मध्ये काढावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल पुसू नये.

नव्या प्रणालीला विरोध नाही. पण जुने वाचता न येणे याला प्रगती म्हणण्याची सवय कंपन्यांनी लावली आहे. ती आपण विद्यार्थ्यांना लावू नये.