ओसरीवरची समीक्षा

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी गंभीरपणे लिहिणे आपल्या समीक्षेला आजवर कमीपणाचे वाटत आले आहे. कवितासंग्रहावर आठ पाने खर्ची घालणारा समीक्षक मालिकेचे नाव निघताच हसतो. कळमेश्वरच्या वस्तीत कवितासंग्रह किती घरांत पोचतो आणि मालिका किती घरांत, याचा हिशेब त्याने एकदा करावा.

मे २०१९ मध्ये 'स्टार प्रवाह' वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. पुढच्या वर्षी ती संपली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. त्या दिवसांत आमच्या वस्तीतले स्वयंपाक मालिकेच्या वेळेकडे पाहून उरकले जात. एमआयडीसीतून पाळी करून आलेला कामगार हातपाय धुऊन पडद्यासमोर बसे. मीही अनेकदा डोळे पुसले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लिखाण पंडिती वाटणार नाही.

पण लोक नुसते रडत नव्हते, बोलतही होते. शेजारची म्हातारी एका संध्याकाळी म्हणाली, "गुर्जी, यात आपले लोकं नुसते आयकतेत. बोलत कोनीच नाही, काहून?" कारखान्यात जाणारा एक तरुण म्हणाला, "तो गावचा दुष्ट मानूस मेला का जात मेली, असंच वाटते पाहा." तिसरे मत माझ्या एका सवर्ण सहकारी शिक्षकाचे. "आम्ही घरचे सगळे बघतो. फार वाईट दिवस होते हो. बरं झालं, आता तसं काही राहिलं नाही."

ही तिन्ही मते जाता जाता दिलेली आहेत. माझ्या मते त्या मालिकेची खरी समीक्षा त्यांतच आहे.

दैनंदिन मालिकेचा साचा सासू-सुनांच्या कथेसाठी घडला. एक सोशिक माणूस, एक कारस्थानी माणूस, अपमानाच्या क्षणी तीनतीनदा दाखवलेले चेहरे, मागे वाद्यांचा गदारोळ आणि उद्या काय होणार या टांगणीवर संपणारा भाग. या साच्याला खलनायक लागतो. जातिव्यवस्थेला तर एक चेहरा नसतो. ती रूढीत असते, जमिनीच्या मालकीत असते, सभ्य माणसाच्या गोड बोलण्यातही असते. साचा तिला उचलून एका मिशा पिळणाऱ्या माणसात कोंबतो. माझा सहकारी मिशा पिळत नाही, कुणाला शिवी देत नाही. साहजिकच त्या पडद्यावर तो स्वतःला कुठेच सापडत नाही, आणि दोन अश्रू ढाळून निश्चिंत होतो. त्या तरुणाने नेमके हेच ओळखले होते, सौंदर्यशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता.

१९८१ साली सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. ओम पुरी यांचा दुखी मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला ब्राह्मणाकडे जातो. मोहन आगाशे यांचा ब्राह्मण खलनायकी हसत नाही. तो जेवतो, वामकुक्षी घेतो आणि उपाशी, आजारी दुखीला लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. दुखी मरतो. मग त्याचे प्रेत दोरीने ओढून नेले जाते. त्यात दुष्टपणाचा आविर्भाव नाही, सवय आहे. हा चित्रपट मी त्या सहकाऱ्याला मोबाईलवर दाखवला. तासाभराच्या आतला, तरी तो म्हणाला, "जरा संथ आहे." बाबासाहेबांच्या मालिकेत एकेक अपमान तीन दिवस चाले, तेव्हा त्याला काहीच संथ वाटले नव्हते!

म्हातारीचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. मालिकेने कोणते प्रसंग घेतले आणि कोणते वगळले, याची यादी मला करायची नाही. प्रश्न बोलण्याचा आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेबही तेथे बोलले. त्या बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, गिरणीतल्या बायकांवर देखरेखीला बाईच हवी असे ठराव केले. ही ऐकून घेणारी गर्दी नव्हती. कळमेश्वर तालुक्यातील मोहपा येथे १८७९ साली जन्मलेले किसन फागूजी बनसोड घ्या. त्यांनी 'मजूर पत्रिका' काढली, 'चोखामेळा' काढले, आणि धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे बाबासाहेबांशी पटले नाही. दोघेही आपले, दोघेही प्रामाणिक आणि मतभेद मुळाशी जाणारा. याहून मोठे नाट्य कोणते? पण त्यात कारस्थानी कोण, हे ठरवता येत नाही. मग पार्श्वसंगीत कुणाच्या चेहऱ्यावर वाजवायचे?

महामानवाला उंच करण्यासाठी त्याच्याभोवतीची माणसे मुकी करावी लागतात, असे मालिकावाल्यांना वाटत असावे. भक्तिभावाने पाहणारे आपणही त्यांना अडवत नाही. मालिकेवर टीका केली की बाबासाहेबांवर टीका झाली, असे मानणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत.

मालिका संपल्यावर म्हातारीने पुन्हा सासू-सुना लावल्या. मी चेष्टेने विचारले, तर म्हणाली, "ह्या बाया भांडतेत तरी, गुर्जी."